अंतर्गत ४०, बाह्य ६० आणि लातूरची एक डाळमिल

एमबीएच्या एका पेपरला १०० गुण. त्यांची वाटणी विद्यापीठागणिक बदलते. कुठं अंतर्गत (कॉलेजनं द्यायचे) ४० आणि बाह्य (विद्यापीठाच्या परीक्षेचे) ६०, कुठं निम्मे-निम्मे, काही जुन्या आराखड्यांत २० आणि ८०. यातली ४०-६० ची वाटणी घेऊ. कागदावर अंतर्गत मूल्यमापनाला चांगलं वजन दिसतं. प्रत्यक्ष निकालपत्रक उघडलं की वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना ४० पैकी ३५ ते ३८ मिळालेले असतात, आणि बाह्य परीक्षेत मात्र गुण २२ पासून ५० पर्यंत पसरलेले असतात.

आता हिशेब करा. अंतर्गत गुणांत सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांत फरक ३ चा. बाह्य गुणांत फरक २८ चा. दोन्ही मिळून जी ३१ गुणांची दरी पडू शकते, त्यात अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा. अंतर्गत ३८ आणि बाह्य २८ मिळवणारा ६६ वर थांबतो. अंतर्गत ३५ आणि बाह्य ४२ वाला ७७ वर जातो. गुणांचं खरं वजन ते किती पसरतात यावर ठरतं, आराखड्यात किती छापले आहेत यावर नाही. विद्यार्थ्याला हे सूत्र कुणी शिकवलेलं नसतं, पण पहिल्या सेमिस्टरच्या निकालानंतर त्याला ते पुरतं कळलेलं असतं. मग तो वर्षभर जेवढ्यास तेवढं करतो आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस झेरॉक्सच्या दुकानात ‘आयएमपी’, म्हणजे हमखास येणारे प्रश्न, शोधतो.

अडचण अशी की केसवरची (धंद्यातल्या एखाद्या खऱ्या पेचावर लिहिलेल्या प्रसंगावरची) चर्चा, सादरीकरण, गटाचं काम, क्षेत्रभेट हे सगळं त्या ४० गुणांतच बसवलेलं आहे. म्हणजे व्यवस्थापन जिथं शिकायचं, नेमकं तिथंच सगळे सारखे ठरतात. गुण फुगवण्यामागं प्राध्यापकांचा आळस असतो असं सरसकट म्हणता येत नाही. ६० जागा भरायच्या असतात, निकालाची टक्केवारी प्रवेशाच्या जाहिरातीत छापायची असते, आणि अंतर्गत गुण कमी दिले की पालक दारात उभे राहतात. तरीही हा ४० गुणांचा भाग दुरुस्त करायला ना विद्यापीठाची परवानगी लागते, ना नवा अभ्यासक्रम. तो बराचसा शिकवणाऱ्याच्या हातात आहे. खाली जे लिहिलं आहे ते त्या ४० गुणांबद्दल.

केस पद्धतीबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं आणि फार थोडं केलं जातं. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली निघालं, आणि तिथं व्यवहारातल्या प्रसंगांवर लिहिलेल्या केस वर्गात वापरायला १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरुवात झाली. १९६१ साली अहमदाबादचं आयआयएम उभं राहिलं ते याच संस्थेच्या सहकार्यानं, म्हणून केस पद्धत भारतात आली ती प्रामुख्यानं त्या वाटेनं. हार्वर्डमध्ये दोन वर्षांत विद्यार्थी सुमारे ५०० केस वाचतो आणि कित्येक विषयांत निम्म्यापर्यंत गुण वर्गातल्या बोलण्यावर असतात. गंमत बघा, आपण त्यांच्या केस घेतल्या आणि त्यांचे गुण मात्र घेतले नाहीत. चर्चेला ५ गुण ठेवून हार्वर्डची केस वाटली, तर ती वाचेल कोण?

त्यातून त्या केस जुन्या असतात, परदेशी कंपन्यांच्या असतात, आणि त्यांची तयार उत्तरं इंटरनेटवर पडलेली असतात. जालन्याच्या पोराला बोस्टनमधल्या दुकानाची अडचण समजते, पण ती त्याला आपली वाटत नाही. उलट आपल्याभोवती मराठवाड्यात कच्चा माल भरपूर आहे. लातूर-उदगीरच्या डाळमिली, जालन्याच्या सळई बनवणाऱ्या रोलिंग मिल आणि बियाणे कंपन्या, वाळूजमधले सुटे भाग बनवणारे कारखाने, पैठणीचे विणकर, प्रत्येक तालुक्यातला मोंढा, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार. यांतली एक केस कशी बांधायची ते डाळमिलीच्या उदाहरणानं सांगतो.

केसमध्ये एक माणूस लागतो, त्याला एका तारखेपर्यंत एक निर्णय घ्यायचा असतो, आणि निर्णय दोन्ही बाजूंनी पटण्यासारखा असावा लागतो. यांतलं एक जरी नसलं तर तयार होते ती कंपनीची माहितीपुस्तिका. ‘या मिलीची स्थापना अमुक साली झाली, मालकांनी कष्टानं व्यवसाय वाढवला’ असे तीन पानांचे इतिहास केस म्हणून वाटले जातात. त्यात ठरवायला काहीच नसतं, म्हणून चर्चाही होत नाही.

आपला मिलमालक घ्या. जानेवारी महिना आहे. नवी तूर मोंढ्यात येऊ लागली आहे. बँकेकडून त्याला ३० लाखांची सोय झाली आहे. या पैशात तो रंगानुसार डाळ निवडणारं सॉर्टेक्स यंत्र घेऊ शकतो, किंवा हंगामातच तूर भरून ठेवून चार महिन्यांनी डाळ विकू शकतो. मुलगा म्हणतो यंत्र घ्या, मुनीम म्हणतो माल भरा. सोमवारी बँकेत सही करायची आहे.

आकडे मी इथं धरून चाललो आहे, केस लिहिताना ते प्रत्यक्ष मिलीतून घ्यावेत. तूर ७,५०० रुपये क्विंटल. १०० क्विंटल तुरीतून ७२ क्विंटल डाळ, ५ खंडा (तुटकी डाळ), १० चुनी (बारीक चुरा), ११ भुसा आणि २ क्विंटल घट. तुरीचे ७,५०,००० आणि भरडाई, हमाली, बारदाना मिळून ३०,०००, म्हणजे खर्च ७,८०,०००. खंडा ५,०००, चुनी २,५०० आणि भुसा १,००० रुपये क्विंटलनं विकला तर ६१,००० परत येतात. उरले ७,१९,०००, भागिले ७२. डाळ क्विंटलला ९,९८६ रुपयांना पडली. आता तूर चार महिने भरून ठेवायची आणि व्याज १२ टक्के असेल, तर ७,५०,००० वर ३०,००० रुपये व्याज लागतं. क्विंटलमागं ४१७ रुपये वाढले. डाळीचा भाव चार महिन्यांत यापेक्षा जास्त चढला तरच साठवणीला अर्थ. त्यातही गोदामभाडं, कीड आणि वजनातली तूट अजून धरलेली नाही.

दुसऱ्या बाजूला सॉर्टेक्स. मिल वर्षाला २०,००० क्विंटल तूर भरडते, म्हणजे १४,४०० क्विंटल डाळ. निवडलेल्या डाळीला क्विंटलमागं १५० रुपये जास्त मिळतात. बहुतेक विद्यार्थी लगेच गुणाकार करतात, २१,६०,००० रुपये वर्षाला, म्हणजे ३० लाखांचं यंत्र दीड वर्षाच्या आत फिटलं. इथंच केसचा काटा आहे. यंत्र डाळ निवडतं म्हणजे काही डाळ बाहेरही फेकतं. ही फेक २ टक्के धरली तर २८८ क्विंटल डाळ १०,००० ऐवजी खंड्याच्या भावानं, ५,००० रुपयांनी जाते. १४,४०,००० रुपयांचा फटका. उरलेल्या १४,११२ क्विंटलवरचे जादा २१,१६,८०० मिळाले, त्यातून हा फटका आणि वीज, कॉम्प्रेसर, ऑपरेटर यांचे वर्षाचे दीड लाख वजा केले की हाती ५,२६,८०० राहतात. यंत्र फिटायला पावणेसहा वर्षांच्या आसपास लागतात. आणि फेकलेला माल पुन्हा एकदा यंत्रातून काढून निम्मा वाचवला तर? मग वर्षाला १२,६८,४०० सुटतात आणि मुदत अडीच वर्षांच्या आत येते. दीड, पावणेसहा, अडीच. यंत्र तेच, मिल तीच. ‘फेकलेल्या मालाचं काय करता?’ हा प्रश्न कुणाला सुचतो, यावर सगळं उत्तर फिरतं. गुण द्यायचे ते या प्रश्नाला. म्हणून फेकीची टक्केवारी केसच्या मजकुरात ठळक लिहू नये. मागच्या तक्त्यात एका ओळीत असू द्यावी.

केसचा दुसरा भाग वर्गातच, चर्चा रंगात आल्यावर, एका पानावर वाटायचा. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली. मिलींना मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढा साठा ठेवता येत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तीच मर्यादा एका महिन्याचं उत्पादन किंवा १० टक्के एवढी खाली आली. आपल्या मिलीची क्षमता २४,००० क्विंटल धरली तर ६,००० क्विंटलची मुभा २,४०० वर आली. ज्यांनी ‘माल भरा’ला मत दिलं होतं त्यांना आता उत्तर बदलायचं आहे की बदलायचं नाही, आणि का, हे दहा मिनिटांत ठरवायचं. पुस्तकात सरकारी धोरणाचा धडा वेगळा असतो आणि चालू भांडवलाचा, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकणाऱ्या पैशाचा, वेगळा. मिलमालकाच्या टेबलावर दोन्ही एकाच सकाळी येऊन पडतात.

अशी केस लिहायला मिलीला दोन भेटी आणि मोंढ्यात एक सकाळ पुरते. पहिल्या भेटीत प्रक्रिया बघायची: चाळणी, तेल-पाणी देऊन वाळवण, भरडाई, पॉलिश, पॅकिंग, आणि प्रत्येक टप्प्यावर वजन कुठं होतं ते. दुसऱ्या भेटीत आकडे. मालक नफा सांगत नाही, तो विचारूही नये. उतारा (१०० क्विंटल तुरीतून किती डाळ निघते), वीजबिल, बारदान्याचा दर, उधारीचे दिवस एवढं तो मोकळेपणानं सांगतो आणि नफा त्यातूनच निघतो. नाव आणि गाव बदलायचं, आकडे एकाच गुणकानं वरखाली करायचे, आणि छापण्याआधी मालकाला वाचून दाखवून त्याची लेखी संमती घ्यायची. केस चार-पाच पानांची, तक्ते तीन ते चार. त्यांतला एक तक्ता मुद्दाम बिनकामाचा ठेवावा, कारण खऱ्या कामात काय वगळायचं हेही ठरवावं लागतं.

आता वर्ग. ८० मिनिटांचं सत्र असेल तर सुरुवातीची पाच मिनिटं एकाच प्रश्नाला: सोमवारी सही कशावर? हात वर करून मतं घ्यायची आणि फळ्यावर आकडा लिहायचा. पुढची २५ मिनिटं आकडेमोड, २५ मिनिटं पर्याय, १५ मिनिटं दुसरं पान आणि पुन्हा मतदान, शेवटची दहा मिनिटं शिकवणाऱ्याची. फळ्याचे चार भाग आधीच डोक्यात असावेत: तथ्यं, हिशेब, पर्याय, अजून काय माहीत हवं. चौथा रकाना बहुतेक शिक्षक ठेवतच नाहीत, आणि डाळमिलीच्या केसमध्ये तोच सगळ्यांत मोलाचा.

बिघडतं कुठं, तर कुणीच केस वाचून येत नाही, म्हणून सर स्वतः ती वर्गात वाचून दाखवतात. त्यात ४० मिनिटं जातात, उरलेल्या वेळात दोघं-तिघं बोलतात, आणि शेवटी सर ‘योग्य उत्तर’ सांगतात. एकदा असं झालं की पुढच्या वेळी वाचून येणारेही वाचत नाहीत. यावर इलाज साधा आहे. वर्गात येताना दारात अर्ध्या पानाची हस्तलिखित चिठ्ठी द्यायची. तिच्यात तीन गोष्टी हव्यात: माझा निर्णय, त्याला आधार देणारा स्वतः काढलेला एक आकडा, आणि न सुटलेली एक शंका. चिठ्ठी नसेल तर बसायला हरकत नाही, पण त्या दिवसाचे गुण शून्य. चिठ्ठ्या तपासायच्या नाहीत, फक्त बघायच्या. ६० चिठ्ठ्यांवरून नजर फिरवायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि कुणाला कोणता प्रश्न विचारायचा ते त्यातूनच सापडतं.

बोलण्याचे गुण देताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एका सत्रात ६० पैकी साधारण २५ जणच बोलू शकतात. म्हणजे १२ सत्रांत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ५ संधी. त्यामुळं रोज सर्वांना गुण द्यायचा प्रयत्न करू नये. बसण्याचा नकाशा हातात ठेवावा, सत्र संपल्यापासून दहा मिनिटांच्या आत त्यावर ० ते ३ असा आकडा टाकावा. संध्याकाळपर्यंत थांबलं तर मोठ्यानं बोलणारेच आठवतात. १ म्हणजे केसमधलं तथ्य सांगितलं. २ म्हणजे त्याचा आकड्यानं अर्थ लावला. ३ म्हणजे चर्चेची दिशा बदलली, किंवा दुसऱ्याच्या मुद्द्यातली चूक दाखवून तो पुढं नेला. सेमिस्टरअखेर सर्वांत चांगले चारच आकडे धरायचे, बाकी सोडून द्यायचे. चार सत्रांत प्रत्येकी ३ मिळाले की १२. या हिशेबात सतत तोंड चालवणाऱ्याला फायदा उरत नाही, आणि कमी पण नेमकं बोलणारी मुलगी मागं पडत नाही.

भाषेचा प्रश्न मराठवाड्यात टाळून चालत नाही. पेपर इंग्रजीत असतो, म्हणून शिक्षक वर्गातही इंग्रजीचा आग्रह धरतात, आणि मग गंगाखेड किंवा अंबडहून आलेला, घरी आडत दुकान असलेला मुलगा गप्प बसतो. या केसमध्ये त्याच्याइतकं कुणालाच कळत नसतं. पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावं की मराठी, हिंदी, दखनी, इंग्रजी काहीही चालेल, गुण मुद्द्याला आहेत. फळ्यावर मात्र मुद्दा इंग्रजीत लिहावा, म्हणजे परीक्षेची शब्दसंपदाही वाढते. अचानक नाव घेऊन प्रश्न विचारण्याची हार्वर्डी पद्धत पहिले तीन आठवडे नको. आदल्या दिवशी दोघांना सांगून ठेवावं, ‘उद्या सुरुवात तू करायची.’ चौथ्या आठवड्यापासून कुणालाही विचारावं.

एक गैरसमज इथंच काढायला हवा. लातूर पॅटर्नमधून, म्हणजे परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूरच्या पद्धतीतून, आलेली मुलं पाठांतरवाली असतात, त्यांना केस जमत नाही, असं प्राध्यापकांच्या खोलीत नेहमी ऐकू येतं. मला हे पटत नाही. सतत चाचण्या, वेळ लावून सोडवलेले पेपर आणि चुकांची लगेच उजळणी ही त्या पद्धतीची ताकद आहे, आणि वित्त, संख्याशास्त्र, लेखा या विषयांना ती हवीच. दर शनिवारी २० मिनिटांची चाचणी, सोमवारी उत्तरपत्रिका हातात, चुकीचं गणित वहीत पुन्हा सोडवून दाखवायचं, एवढं केलं तर निव्वळ वर्तमान मूल्य (पुढं मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत, गुंतवणूक वजा करून) काढायला कुणी अडखळत नाही. या मुलांना सुरुवातीला जड जातं ते वेगळंच. आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाला मागच्या पानावर एक उत्तर छापलेलं होतं, इथं ते नाही. म्हणून पहिल्या दोन केसमध्ये विरुद्ध निर्णय घेणाऱ्या दोघांनाही सारखेच चांगले गुण मिळालेले वर्गाला दिसले पाहिजेत. ते दिसलं की भीती जाते.

लेखी केस परीक्षेत गुण कसे पाडायचे ते परीक्षेआधीच वाटून द्यावं. मला योग्य वाटणारी वाटणी अशी: प्रश्न नेमका मांडणं १५, आकड्यांसह विश्लेषण ३५, पर्यायांची तुलना २०, निर्णय आणि त्याची कारणं २०, अंमलबजावणी १०. अंमलबजावणीत कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती पैशांत हे लिहिलेलं हवं, नाहीतर शून्य. नेहमीच्या चुका ओळखीच्या आहेत. बलस्थानं-उणिवा-संधी-धोके असा चौकोन काढून त्यात ‘अनुभवी मालक’, ‘वाढती स्पर्धा’ असं कोणत्याही कंपनीला चिकटेल ते भरायचं. नियम करून टाकावा: चौकोनातल्या प्रत्येक ओळीसमोर केसमधला आकडा किंवा तक्त्याचा क्रमांक नसेल तर ती ओळ वाचली जाणार नाही. दुसरी चूक, तीन पर्यायांत एक मुद्दाम मूर्खपणाचा घालायचा, म्हणजे आपला उठून दिसतो. तिसरी, ‘यंत्रही घ्यावं आणि थोडा मालही भरावा.’ ३० लाखांत दोन्ही बसतात का हे न तपासता लिहिलेलं हे उत्तर फार लोकप्रिय आहे.

बाह्य परीक्षेचा पेपर काढायला आलात तरी थोडं करता येतं. ‘चालू भांडवल म्हणजे काय? त्याचे प्रकार सांगून त्यावर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा’ या १० गुणांच्या प्रश्नाला गाइडमधलं दीड पान पुरतं. त्याऐवजी चार ओळींत मिलीची माहिती द्या आणि विचारा: मोंढ्यात रोख खरेदी, मुंबईच्या व्यापाऱ्याला ४५ दिवसांची उधारी, गोदामात सरासरी ३० दिवसांचा माल, तर किती दिवसांचा पैसा अडकतो, आणि उधारी ३० दिवसांवर आणायला २ टक्के सूट द्यावी का? अभ्यासक्रम तोच, धडा तोच. पैसा ७५ दिवस अडकतो हे सगळ्यांना जमतं. पण १५ दिवस लवकर पैसे मिळवायला २ टक्के सोडणं म्हणजे वर्षाच्या हिशेबात जवळजवळ ४९ टक्के व्याज देणं, आणि बँक १२ टक्क्यांनी देते, हे ज्याच्या लक्षात येतं त्याला वेगळे गुण देता येतात. आदर्श उत्तर मात्र प्रश्नासोबतच लिहून पाठवावं. नाहीतर तपासणाराही गाइडच उघडतो.

अभ्यासक्रमाची उद्दिष्टं आणि कार्यक्रमाची उद्दिष्टं एकमेकांशी किती जुळतात याचा जो १-२-३ चा तक्ता संस्थेच्या मानांकनासाठी भरावा लागतो, तो परीक्षेनंतर फाइल पूर्ण करायला भरला तर निव्वळ हमाली आहे. पेपर काढायच्या आधी भरला तर कोणत्या उद्दिष्टावर एकही प्रश्न नाही ते लगेच दिसतं. यापलीकडं त्यावर वेळ घालवू नये.

गटाच्या कामात एक करतो आणि चार जण सही करतात. याला आळा घालायचा एक हिशेब आहे. पाच जणांच्या गटात प्रत्येकानं आपले १०० गुण उरलेल्या चौघांत वाटायचे, गुप्तपणे. सर्वांनी सारखं काम केलं असेल तर प्रत्येकाला सरासरी २५ मिळतात. एखाद्याची सरासरी १७ आली तर त्याचा गुणक १७ भागिले २५, म्हणजे ०.६८. गटाला २० पैकी १६ असतील तर त्याच्या पदरात १०.९ पडतात. गुणक ०.६ च्या खाली आणि १.१ च्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा बळी जातो. मित्र-मित्र ठरवून २५-२५ वाटतात, हे होणारच. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर एका ओळीत कारण मागावं आणि प्रत्येकाची तीन मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी. अहवालातला कुठलाही एक तक्ता उघडायचा आणि विचारायचं, हा आकडा कुठून आला? ज्यानं केलंय तो लगेच सांगतो.

उन्हाळी प्रकल्पाची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. सहा ते आठ आठवडे कंपनीत, मग ‘ग्राहक समाधानाचा अभ्यास, विशेष संदर्भ अमुक’ असं शीर्षक, नमुना बरोबर १००, पाच पर्यायांची प्रश्नावली, रंगीत वर्तुळाकार आलेख, आणि निष्कर्ष की ग्राहक बहुतांशी समाधानी आहेत. बांधणीवाल्याकडं मागच्या वर्षीची फाइल तयारच असते. विषयच असे बदलावेत की ते विकत मिळू नयेत. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग बनवतात तिथं) विद्यार्थ्यानं दहा पाळ्या उभं राहून डाय, म्हणजे यंत्राचा साचा, बदलायला किती मिनिटं लागतात ते मोजावं. यंत्र थांबल्यापासून पहिला चांगला नग निघेपर्यंतचा वेळ, आणि त्यातला किती वेळ यंत्र चालू असतानाच उरकता आला असता. त्याचा अहवाल १५ पानांचा झाला तरी चालेल. मूल्यमापनाला तीन कागद मागावेत: पर्यवेक्षकाची दर आठवड्याला सही असलेली रोजनिशी, हातानं भरलेली मूळ नोंदपत्रकं, आणि कंपनीत प्रत्यक्ष सांगितलेली एक सूचना व तिचं काय झालं. सूचना फेटाळली गेली असेल तर ती का फेटाळली हे विचारावं, चांगला विद्यार्थी तिथंच कळतो. घरून लिहून आणायचे निबंधवजा असाइनमेंट मात्र आता बंदच करावेत. एआयकडून दोन मिनिटांत ते लिहून मिळतात.

सापेक्ष श्रेणी, म्हणजे वर्गातल्या इतरांशी तुलना करून ठरणारी श्रेणी, द्यावी का, हाही प्रश्न निघतो. मोठ्या संस्थांत ती चालते, कारण तिथं एका विषयाला शेकडो विद्यार्थी असतात. आपल्याकडं तिसऱ्या सेमिस्टरला मनुष्यबळ घेणारे १४ आणि वित्त घेणारे २२ असतात. एवढ्यांत ठरावीक टक्क्यांना खालची श्रेणी द्यायची म्हणजे दोघा-तिघांना निष्कारण पाडणं. त्यापेक्षा दोन शिक्षकांनी एकमेकांच्या दहा उत्तरपत्रिका गुण न बघता तपासाव्यात. १०० पैकी १० पेक्षा जास्त फरक पडला तर समोरासमोर बसून कुठं फरक पडला ते बघावं. नांदेड विद्यापीठाशी जोडलेला लातूरचा शिक्षक आणि संभाजीनगरच्या विद्यापीठाशी जोडलेला जालन्याचा शिक्षक यांनी केस आणि दहा पत्रिका अदलाबदल केल्या तर आणखी बरं, कारण तिथं ओळखीची भीड नसते. विद्यार्थ्यांची नावं आणि क्रमांक झाकूनच पाठवायचे.

अंतर्गत गुण ३५-३८ मधून बाहेर काढायचे तर पहिल्या वर्षी ते एकदम १५ वर आणू नयेत, गोंधळ होईल. २४ ते ३८ एवढा पसारा पुरतो. पण मग प्रत्येक गुणामागं कागद दाखवता आला पाहिजे: चिठ्ठी, नकाशावरचा आकडा, तोंडी परीक्षेची नोंद. सात दिवसांच्या आत उत्तरपत्रिका परत द्यावी, नावं झाकून एक उत्तम आणि एक फसलेलं उत्तर वर्गात वाचावं. पुढच्या वर्षी डाळमिलीची केस वापरताना तुरीचा भाव, उतारा आणि व्याजदर हे तिन्ही बदलावेत आणि फेकीची टक्केवारी दुसऱ्या तक्त्यात हलवावी, कारण मागच्या बॅचच्या वह्या तोवर झेरॉक्सच्या दुकानात पोचलेल्या असतात.